वनाच्या किती जवळ?

अरण्यकांडातला एक प्रसंग आमच्या शनिवारच्या वाचनात आला की मी पोथी जरा मिटून ठेवते. अगस्त्यांनी पंचवटी सुचवलेली असते: इथून दोन योजनं, गोदावरी जवळ, कंदमुळं आणि पाणी मुबलक, सीतेचं मन रमेल. तिथे पोचल्यावर राम लक्ष्मणाला म्हणतो, पर्णकुटीची जागा तू हेर. लक्ष्मण ते अंगाला लावून घेत नाही. जागा तुम्ही सांगा, बांधायचं माझ्याकडे लागलं. शेवटी राम त्याचा हात धरून जागा दाखवतो. वनवासाला निघालेल्यांनाही 'उतरायचं कुठे' याचा खल चुकला नाही, हे वाचून वाचनाला येणाऱ्या आम्हा बायकांना दरवेळी हसू येतं.

तर पुतण्याचा फोन. "काकू, ताडोब्याला निघालोय. मोहर्लीत रिसॉर्ट घेऊ की चंद्रपुरात हॉटेल?" नाशिक जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही, तेव्हा वाघासाठी आम्हा नाशिककरांना विदर्भ गाठावा लागतो. ह्यांची नोकरी चंद्रपूरच्या वीज केंद्रात झालेली, म्हणून घरात या विषयावरचा अधिकार माझ्याकडे आलाय. व्यवहाराचं उत्तर सोपं आहे. मोहर्लीत राहिलं की गेट दाराशी आणि पहाटेची झोप वाचते. चंद्रपुरात राहिलं तर थंडीत कानटोप्या चढवून काळोखात निघायचं. मंगळवारी ताडोबा बंद असतं, तेवढं बघून तिकिटं काढायची. झालं.

पण जवळ उतरलं म्हणजे वन जास्त आपलं होतं का? ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं 1955 साली, आपल्या राज्यातलं सर्वांत जुनं. पुढे व्याघ्र प्रकल्प आला आणि बोटेझरी, नवेगाव, जामणी ही आतली गावं बाहेर हलवली गेली. माणसाच्या वावरानं जंगलाला त्रास होतो, हे कारण खोटं नाही. मात्र त्या गावकऱ्यांचं जंगलाकडे मागणं काय होतं? सरपण, चारा, मोहफुलं. आम्ही पाहुणे गेटाला चिकटून गार खोली मागतो, पोहायला तलाव मागतो, आणि साडेनऊच्या आत वाघ दिसला नाही तर ड्रायव्हरवर डाफरतो. मुक्कामाचं अंतर मोजताना आपण किलोमीटर मोजतो, मागणं मोजत नाही.

वनात उतरल्यावर तिथे वागायचं कसं, हा प्रश्न सीतेनं नवऱ्याला तोंडावर विचारला होता. पंचवटी अजून दूर होती, दंडकारण्यात नुकते शिरले होते, आणि रामानं ऋषींना राक्षसांच्या वधाचा शब्द दिला होता. सीता म्हणते, त्यांनी आपलं काही बिघडवलेलं नाही, वैर नसताना मारायचं कशाला? मग ती एका तपस्व्याची गोष्ट सांगते. इंद्र त्याच्याकडे तलवार ठेव म्हणून ठेवून जातो. ठेव जपायची म्हणून तो फळं-मुळं आणायलाही ती घेऊन जाऊ लागतो, आणि हळूहळू क्रूर होतो. तिचं सांगणं एवढंच: शस्त्र कुठे आणि वन कुठे, जिथे राहतोय तिथला धर्म पाळू या, क्षत्रियाचा धर्म अयोध्येला परतल्यावर आहेच. राम ऐकून घेतो, तिचं कौतुकही करतो, पण दिलेला शब्द मोडत नाही. माझं मत सीतेच्या बाजूनं आहे. कीर्तनात हा भाग मी क्वचितच ऐकलाय.

दुसरं उत्तर त्रिरश्मी डोंगरावर, आपल्या पांडवलेण्यांत आहे. पायऱ्या चढून दहा नंबरच्या लेण्यापाशी जा. ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत नहपानाचा जावई उषवदात याचा हिशेब कोरलाय. भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, हजारावर पाऊण. मोठ्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंची चीवरं, उरलेल्यातून किरकोळ खर्च. म्हणजे राहणं डोंगरात, पण पोशिंदं गाव. आणि वर्षावास कशासाठी? पावसात भटकलं की पायाखाली कोवळी रोपं आणि किडेमुंग्या चिरडतात, म्हणून एका जागी बसायचं. वेळुवन देताना बिंबिसारानं लावलेली कसोटीही अशीच होती: गावापासून फार दूर नको, फार जवळही नको, लोकांना जाता-येता यावं, रात्री गलबला नसावा. भिक्षूला रोज भिक्षेला गावात उतरायचं असे. हे अंतर त्याला आपण कुणाच्या जिवावर राहतो याची रोज आठवण देत असणार.

म्हणून मी पुतण्याला चंद्रपूर सांगितलं. तिथे लोकांची घरं, शाळा, बाजार आहेतच. तुझ्या एका खोलीसाठी नवीन काही उभं राहायचं नाही. रात्री महाकालीचं दर्शन घे, पहाटे निघ. जंगलाला तुझ्या झोपेचा तास दे.

उपदेश करायला मी मोकळी आहे, कारण तपोवन माझ्या घरापासून लांब नाही. येत्या सिंहस्थात साधुग्रामासाठी तिथली झाडं तोडायचा प्रस्ताव आला आणि 2025 च्या अखेरीस गाव रस्त्यावर उतरलं. लाखो माणसं येणार, त्यांना निवारा लागणार, हे मला कळतं. पण वनाची ओढ म्हणून ज्यांनी घर सोडलं त्यांच्या मुक्कामासाठी वन तोडायचं, हे कुठल्या आखाड्याच्या शास्त्रात बसतं ते कुणी सांगत नाही.

हे सगळं पुतण्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "काकू, पण तू स्वतः तर पंचवटीत, सीतागुंफेला खेटून राहतेस."

"वाडा सासऱ्यांचा आहे," मी म्हटलं.