पापणी मिटण्याचा वेळ

दिवसभर संगणकावर काम करणारा माणूस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातो, तेव्हा पुष्कळदा तक्रार असते ती डोळ्यांतून पाणी येण्याची. संध्याकाळ झाली की डोळे चुरचुरतात, आत कचरा गेल्यासारखे वाटते, अक्षरे मधूनच पुसट होतात आणि पाणी गळू लागते. डॉक्टर म्हणतात, डोळे कोरडे पडलेत. ऐकणारा बुचकळ्यात पडतो, पण दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. कोरडा पृष्ठभाग टोचू लागला की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते गालावर ओघळते, डोळ्यावर ठरत नाही.

ठरायला तेल लागते. पापण्यांच्या कडांना बारीक ग्रंथींची रांग असते. सतराव्या शतकातले जर्मन वैद्य हाइनरिश माइबोम यांनी त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. पापणी मिटली की त्यांतून तेलाचा अंश निघतो, अश्रूंवर त्याचा पातळ थर पसरतो आणि ओलावा उडून जात नाही. पापणी मिटलीच नाही, किंवा अर्धवट मिटली, तर तेल नीट निघत नाही आणि पसरतही नाही.

जपानी नेत्रतज्ज्ञ काझुओ त्सुबोता आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1993 साली पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत बसलेली माणसे मिनिटाला सरासरी 22 वेळा पापण्या मिटत होती, पुस्तक वाचताना 10 वेळा आणि संगणकावरचा मजकूर वाचताना 7 वेळा. मला यातला मधला आकडा फार महत्त्वाचा वाटतो. पुस्तकही उघडझाप निम्म्यावर आणते, म्हणजे दोष एकट्या पडद्याच्या उजेडाचा नाही. मन एकाग्र झाले की पापणी थांबते. फरक इतकाच की पुस्तक आपण खाली धरतो, त्यामुळे वरची पापणी उतरलेली असते. पडदा समोर किंवा उंचावर असला की डोळा सताड उघडा राहतो. त्यात वरून एसीचा झोत थेट चेहऱ्यावर. निळा प्रकाश अडवणारे चष्मे लोक पैसे मोजून घेतात, पण 2023 साली कॉक्रेन या संस्थेने घेतलेल्या संशोधनाच्या आढाव्यात या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

आता एकाग्रता म्हणजे काय? हिंजवडीत रात्रपाळीला बसलेल्या मुलीला पगार मिळतो तो तिच्या लक्षाचाच. ज्या गोष्टीसाठी तिला नेमले, तीच तिची पापणी अडवते. तिला 'पापण्या मिटत जा' असे सांगणे पुरेसे नाही, कारण कामात बुडालेल्या माणसाला ते आठवत नाही, आणि आठवत राहिले तर काम होत नाही. म्हणून ही वैयक्तिक हयगय आहे असे मी मानत नाही. हा कामातून येणारा त्रास आहे. 1948च्या कारखाने अधिनियमात डोळ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कलम होते, कलम 35. ठिणग्या आणि कण उडण्याचा धोका असेल तिथे गॉगल देण्याची जबाबदारी त्याने कारखान्यावर टाकली होती. युरोपीय समुदायाने 1990च्या निर्देशात पडद्यासमोरच्या कामात अधूनमधून खंड आणि डोळ्यांची तपासणी मालकावर बंधनकारक केली. आपल्याकडे मात्र कार्यालयातल्या डोळ्यांची काळजी अजून ज्याच्या त्याच्या खिशातल्या ड्रॉप्सच्या बाटलीवर सोडलेली आहे.

अर्थात कोरडेपणाला मधुमेह, थायरॉइड, संधिवात, काही औषधे, वाढते वय हीही कारणे असतात. त्रास टिकून राहिला तर नेत्रतज्ज्ञांना दाखवायलाच हवे. लाली घालवणारे थेंब मनाने महिनोन्महिने घालू नयेत.

पण कार्यालय चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पडद्याची वरची कडा डोळ्यांच्या रेषेखाली आणा, एसीचा झोत माणसांच्या तोंडावरून वळवा, आणि डोळ्यांना विसावा द्यायला दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर बघणारा माणूस दिसला तर तो वेळ कामातच धरा.