ज्याने टाकले त्यानेच उचलावे काय?



रविवारच्या पहिल्या मिस्सानंतर आम्ही काही जण गोण्या घेऊन भुईगावच्या किनाऱ्यावर जातो. सुरूच्या झाडांपासून ओल्या वाळूपर्यंत चालायचे आणि दिसेल ते प्लास्टिक उचलायचे, एवढाच आमचा कार्यक्रम. भरतीने सोडलेल्या रेषेत काय नसते? दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची झाकणे, थर्मोकोलचा चुरा, निर्माल्याच्या पिशव्या, एखादी एकटी चप्पल आणि वाळूत अर्धी पुरलेली नायलॉनची जाळी. तासाभरात चार-पाच गोण्या भरतात. पुढच्या रविवारी किनारा पुन्हा जसाच्या तसा!

फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी आम्हांला विचारले, "टाकणारे टाकतात, तुम्ही का उचलता? आणि उचलून उपयोग तरी काय?" प्रश्न रागाचा नव्हता, म्हणूनच तो आमच्या मनात राहिला.

ज्याने टाकले त्याने उचलावे, हा न्याय घरात बरोबर आहे. पण समुद्र कचऱ्यावर कुणाचे नाव लिहून आणत नाही. आपल्या दक्षिणेला उल्हास नदीचे पाणी आणणारी वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. वाटेतल्या किती शहरांचे आणि गावांचे नाले त्यांना मिळतात! एकदा गोणीत प्लास्टिकचे पेले सापडले. आपल्या चर्चच्या सणाला पूर्वी सरबतासाठी वाटत असू, तसेच. ते आपलेच होते असे सांगता येणार नाही. पण आपले नव्हेत, असेही आमच्यापैकी कुणाला छातीठोकपणे म्हणता आले नाही. जाळ्याचेही तेच. आमच्यातल्या एका कोळी बांधवाने सांगितले, की तुटून समुद्रात राहिलेल्या जाळ्यात मासळी अडकून मरतच राहते आणि ती कुणाच्याच ताटात येत नाही. दोषी शोधत बसलो तर शोध आपल्याच दारापर्यंत येतो. आणि समजा, दोष खरोखरच आपला नाही. वाटेत पडलेल्या जखमी माणसाला त्या शोमरोनी माणसाने तरी कुठे मारले होते?

आता उपयोगाचा प्रश्न. प्लास्टिक कुजत नाही. ऊन आणि लाटांनी त्याचे तुकडे होत जातात, पाच मिलिमीटरहूनही बारीक. ते माशांच्या पोटात जातात आणि मग कुठल्याही हाताला ते वेचता येत नाहीत. अखंड पिशवी मात्र आज उचलता येते. दुसरी पिशवी उद्या येईल, हे खरे. पण ही पिशवी कासवाला खाद्य वाटून त्याच्या पोटात जाणार नाही, हेही तितकेच खरे. वर्सोव्याला अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये किनारा साफ करायला सुरुवात केली. एकदा साफ करून भागले नाही, लोकांना आठवड्यामागून आठवडे यावे लागले. मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली.

तरीही त्या गृहस्थांच्या बोलण्यात एक धोक्याची सूचना आहे. रविवारी गोणी भरली की सोमवारी बाजारात पिशवी मागायला आपण मोकळे, असे वाटू लागले तर आमचे उचलणे हे ढोंग ठरेल. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपणा सर्वांचे सामायिक घर म्हटले. घर केवळ झाडून स्वच्छ राहत नाही; त्यात घाण कमी आणावी लागते.

म्हणून एक गोष्ट आपणांसमोर ठेवतो. जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या पेल्यांवर देशभर बंदी आहे. त्यांच्याऐवजी कागदी पेले येतात. पण त्यांनाही आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. येत्या सणाला सरबत स्टीलच्या पेल्यांतून द्यावे, असे आम्ही सुचवले. लगेच प्रश्न आला, "एवढे पेले धुणार कोण?" प्रश्न रास्त आहे. आम्ही आपली नावे दिली आहेत, पण एवढे हात पुरणार नाहीत. ज्यांना किनाऱ्यावर येणे जमत नाही, त्यांनी त्या दिवशी तासभर नळापाशी उभे राहावे, ही नम्र विनंती. तेही किनारा साफ करणेच आहे.