हेडचं पॅकिंग आणि कार्ब्युरेटरचं पॅकिंग

चि. बाळ,

फवारणी पंपाच्या इंजिनाबद्दलचं तुझं पत्र मिळालं. ‘मामा, चिवट, उष्णता सोसणारं आणि अडवणारं, कुठेही चालेल असं गॅस्केटचं एकच मटेरियल सांग,’ असं तू लिहिलं आहेस. तसं एक नाव मी सांगणार नाही. तुझ्या त्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनातच दोन सांधे एकमेकांच्या अगदी उलट मागण्या करतात.

उष्णता सोसणं वेगळं आणि अडवणं वेगळं. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जातं. तरी हेडचं पॅकिंग टिकतं, कारण दोन्हीकडचा धातू त्याची उष्णता ओढून घेतो आणि पंख्याच्या हवेत सोडतो. तिथे उष्णता अडवणारं काही घातलंस, तर त्याची आतली कडच आधी जळेल. म्हणून तिथे तांबं किंवा ॲल्युमिनियम. तांब्याचं जुनं पॅकिंग पुन्हा वापरायचं असेल, तर लालसर तापवून नरम करून घे. दाबाखाली ते कडक झालेलं असतं, आणि कडक तांबं पृष्ठभागावरच्या बारीक खाचा भरत नाही.

आता कार्ब्युरेटर. तुझी खरी अडचण तिथेच आहे. पंप तासभर छान चालतो, औषध भरायला बंद केला की पुन्हा चालू होत नाही, थंड झाल्यावर मात्र पहिल्या झटक्यात होतो. सिलिंडर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधला मूळ ठोकळा फुटल्यावर कुणीतरी लेथवर ॲल्युमिनियमचा करून बसवला, हेही तू लिहिलं आहेस. काम सुबक असेल, पण मटेरियल चुकलं. इंजिन चालू असताना पेट्रोलची वाफ होता होता कार्ब्युरेटर गार राहतो. बंद केलं की पंखा थांबतो, पेट्रोलचा ओघ थांबतो, आणि सिलिंडरमधली उष्णता त्या ॲल्युमिनियममधून सरळ कार्ब्युरेटरकडे येते. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. मग जेटमधून पेट्रोलऐवजी वाफेचे बुडबुडे येतात.

इथे हायलमचा ठोकळा घाल. हायलम म्हणजे फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनमध्ये भिजवून दाबलेले कागदाचे किंवा कापडाचे थर. कुकरचा काळा दांडा ज्या बेकेलाइटचा असतो, त्याच घराण्यातलं. लिओ बेकलंडने हे रेझिन १९०७ मध्ये तयार केलं. एकदा पक्कं झालं की ते पुन्हा वितळत नाही, आणि उष्णता ॲल्युमिनियमच्या शेकडो पट कमी वाहून नेतं. कापडाच्या थरांचा शीट माग. भोकं पाडताना तो कागदी शीटपेक्षा कमी फुटतो. साधारण १२० अंशांपर्यंत तो सतत काम करतो, तेव्हा सायलेन्सरजवळ त्याला नेऊ नकोस.

ठोकळा कापल्यावर काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेव आणि त्याच्या दोन्ही बाजू गोल फिरवत घास. जिथे जुनी चमक उरते, तिथे खळगा आहे. सगळीकडे एकसारखा मंदपणा येईपर्यंत घास. दोन्ही बाजूंना पातळ गॅस्केट पेपर लाव. स्क्रू आवळताना दोन्ही बाजू थोड्या थोड्या आवळ. एकच बाजू ताणलीस तर ठोकळा वाकेल आणि हवा ओढेल. टू-स्ट्रोकला ही हवा फार महागात पडते. मिश्रण पातळ होतं, इंजिन आणखी तापतं आणि पिस्टन धरतो.

सायलेन्सरच्या सांध्याला स्टीलच्या पत्र्यावर दाबलेलं ग्रॅफाइट घे. हवा लागत असेल तर साधारण ४५० अंशांच्या वर तेही हळूहळू जळतं. त्याहून गरम जागी अभ्रकाचं पॅकिंग घे.

दुकानदाराने तुला ॲस्बेस्टॉसचा शीट दाखवला, स्वस्त आणि कशानेही न जळणारा. त्याचं म्हणणं खोटं नाही. शंभर वर्षं जगभर इंजिनांत तोच होता. तरीही घेऊ नकोस, हे मी काळजीने सांगतो. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून आत गेले की फुप्फुसात राहतात, आणि कर्करोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतो. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली, २००५ पासून साऱ्या युरोपीय संघात ती आहे. आपल्याकडे पांढरा ॲस्बेस्टॉस अजून आयात होतो आणि वापरला जातो. सर्वांत मोठा धोका इंजिन चालवणाऱ्याला नसून जुनं पॅकिंग खरवडणाऱ्या तुझ्यासारख्या हातांना आहे. जुन्या इंजिनाचं करडं, तंतुमय पॅकिंग दिसलं तर कोरडं खरवडू नकोस, ड्रिलला ब्रश लावू नकोस, कॉम्प्रेसरने तर मुळीच फुंकू नकोस. पाण्याने पुरतं भिजव, ओलंच काढ, पिशवीत बंद कर. मास्कही चांगला घाल, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. इतर थंड सांध्यांना अरॅमिड तंतू आणि रबर दाबून केलेला नॉन-ॲस्बेस्टॉस शीट पुरतो.

हायलम कापण्याआधी एक कर. आहे त्याच ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर पंप अर्धा तास चालव, बंद कर, आणि कार्ब्युरेटरच्या फ्लँजचं तापमान दर मिनिटाला दहा मिनिटं लिहून ठेव. कॉलेजात थर्मोकपल असेलच. नवा ठोकळा बसवून तेच पुन्हा कर. दोन्ही रकाने मला पाठव.

तुझा,
मामा