वरून दिसणारी गर्दी

ग्वाल्हेरच्या माधव तंत्रशास्त्र व विज्ञान संस्थेच्या आवारात डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन मेळा भरला आणि मार्च २०२२ मध्ये तेथेच मध्य प्रदेशातील पहिली ड्रोन शाळा सुरू झाली. शेतावर फवारणी, जमिनीची मोजणी, पुरात अडकलेल्यांचा शोध, असे या यंत्राचे अनेक उपयोग सांगितले जातात. त्याच वर्षी, शहरापासून तीसेक किलोमीटरवरील टेकनपूर येथे, सीमा सुरक्षा दलाच्या अश्रुधूर विभागाने ड्रोनमधून जमावावर अश्रुधुराची नळकांडी टाकण्याचे साधन सिद्ध केले. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, एकाच यंत्राला तारण्याचे आणि पांगवण्याचे, असे दोन्ही धडे मिळाले.

यावर ठरलेले उत्तर असे की, सुरीने भाजीही चिरता येते आणि गळाही. दोष सुरीचा नव्हे, हाताचा. आम्हांला हे उत्तर अपुरे वाटते. सुरी धरणाऱ्याला समोरच्याच्या जवळ जावे लागते. ड्रोन चालवणाऱ्याला ते लागत नाही, आणि नीतीचा प्रश्न नेमका या न जाण्यातून उद्भवतो.

संकटनिवारणात हे अंतर निर्विवाद वरदान आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी ग्वाल्हेर-शिवपुरीच्या सीमेवरील सुलतानगढ धबधब्यावर अचानक पाण्याचा लोंढा आला. काही जण वाहून गेले, चाळीसएक माणसे खडकावर अडकली. हेलिकॉप्टरने त्यांपैकी मोजक्यांना उचलले, पण अंधार पडताच ते काम थांबले. उरलेल्यांना रात्रीतून बाहेर काढले ते दोराच्या आधाराने, आणि त्यात आसपासच्या गावकऱ्यांचा मोठा वाटा होता. अशा रात्री उष्णता टिपणारा कॅमेरा आणि दोराचे एक टोक खडकापर्यंत नेणारे यंत्र हाताशी असते, तर कोणाला नको होते? जून २०१३ च्या उत्तराखंडातील प्रलयात ‘नेत्र’ नावाच्या देशी ड्रोनने अडकलेल्यांचा शोध घेतला होता. बुडणारा माणूस तारणाऱ्याचा चेहरा पाहायला मागत नाही.

मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरात, दतिया जिल्ह्यातील रतनगढ येथे जे घडले ते आम्हांला अधिक विचारात पाडते. या देवस्थानाजवळ सिंध नदी ओलांडावी लागते. २००६ च्या नवरात्रात वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात नदी ओलांडणारे चाळीसहून अधिक यात्रेकरू वाहून गेले. मग पूल झाला. २०१३ च्या नवमीला त्याच पुलावर ‘पूल कोसळतो आहे’ अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत सुमारे ११५ माणसे गेली. पोलिसांनी छडीमार केल्याचा आरोपही तेव्हा झाला. पूल त्या दिवशी कोसळला नव्हता. तो खरोखर वाहून गेला ऑगस्ट २०२१ च्या महापुरात. नियतीचा हा क्रम एखाद्या कादंबरीकाराने योजला असता, तर आम्ही त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

आता कल्पना करावी की, त्या नवमीला पुलावर एक ड्रोन घिरट्या घालीत आहे. त्याला ध्वनिक्षेपक जोडलेला असेल, तर ‘पूल शाबूत आहे, जागीच थांबा’ एवढे चार शब्द कदाचित शेकडो जीव वाचवतील. नळकांडी जोडलेली असतील तर? वरून पाहता, जीव घेऊन पळणारा जमाव आणि चाल करून येणारा जमाव सारखाच दिसतो. दोन्ही पडद्यावर सरकणारे ठिपकेच.

हे आम्ही केवळ तर्काने म्हणत नाही. शासकीय सेवेत असताना एका यात्रेच्या बंदोबस्तावर आम्ही कार्यकारी दंडाधिकारी म्हणून उभे होतो. गर्दी कठड्यावर चालून आली, कठडा वाकला, आणि बळाचा वापर करण्याचा आदेश आमच्या ओठांवर आला. इतक्यात पुढच्या रांगेतील एका माणसाने आपले मूल डोक्यावर उचलून धरले. ही माणसे चाल करीत नसून मागून ढकलली जात आहेत, हे त्या क्षणी कळले. आम्ही कठडा उघडायला सांगितला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ प्रमाणे (२०२४ पासून ही तरतूद नव्या संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे) आधी पांगण्याची आज्ञा द्यायची आणि ती मोडली, किंवा आज्ञेविनाही जमावाच्या वागण्यातून न पांगण्याचा निर्धार दिसला, तर बळ वापरायचे. आज्ञा देणारा आणि ती ऐकणारा एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात असतील, हे त्या कलमाच्या शब्दांत नसले तरी त्याच्या पोटात आहे, असे आम्ही मानत आलो.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की, रेटा कोठून येत होता हे आम्हांला जमिनीवरून दिसत नव्हते. वरच्या डोळ्याला ते आधीच दिसले असते, आणि मूल उचलण्याची वेळच आली नसती. म्हणून आमचा कौल असा पडतो: या यंत्राला डोळा द्यावा, आवाज द्यावा, दोर द्यावा, दंड देणारा हात देऊ नये. तो हात मात्र देऊन झालेला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधूर सोडला गेला, आणि शेतकऱ्यांनी ती यंत्रे अडकवण्यासाठी पतंग उडवले. वर्तमानपत्रात ती छायाचित्रे पाहून आम्हांला आधी हसू आले, मग ते ओसरले.

पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना आम्ही हा विचार ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि कपाळावरची, केसांखाली झाकलेली एक जुनी खूण बोटाने दाखवली. “हा दगड लागला तेव्हा मीही हाकेच्याच टप्प्यात होतो,” ते म्हणाले. “माझ्या शिपायांनाही मुलेबाळे होती, साहेब.” आम्ही त्यांच्यापुढे चहा सरकवला. त्यांना द्यायचे उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत.