थांबवलेले चित्र

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आम्ही राहत होतो, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक व्हिडिओ लायब्ररी होती. शनिवारी रात्री व्ही.सी.आर. भाड्याने आणायचा, तीन कॅसेटी पहाटेपर्यंत संपवायच्या आणि रविवारी डोळे चोळत मिस्साला जायचे, असा अनेक घरांचा परिपाठ होता. काही कॅसेटी दर्शनी फळीवर नसत. मागितल्या तर वर्तमानपत्रात गुंडाळून मिळत. अशीच गुंडाळलेली 'बेसिक इन्स्टिंक्ट' या इंग्रजी चित्रपटाची कॅसेट एकदा माझ्या घरात आली. ती आणणारा मीच होतो. घरची मंडळी गावी गेली होती.

त्या चित्रपटातील पोलीस चौकशीचे दृश्य जगभर गाजले होते. ते आले तेव्हा मी कळ दाबून चित्र थांबवले, मागे नेले आणि पुन्हा थांबवले. पुढे काही महिन्यांनी माझ्या मुलाच्या दप्तरात मासिकातून कापलेले एका नटीचे छायाचित्र सापडले. "तीही कुणाची तरी लेक आहे, एवढे कळत नाही का तुला?" असे मी त्याला कडाडून विचारले. तो खाली मान घालून उभा राहिला. प्रश्न योग्य होता; परंतु तो विचारण्याचा अधिकार मला होता का, हा विचार त्या दिवशी मला शिवलाही नाही.

पॉल व्हर्होवेन यांचा हा चित्रपट मार्च १९९२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. खून, संशय आणि वासना यांची गुंफण असलेली ती रहस्यकथा आहे. मायकेल डग्लस यांनी त्यात पोलीस अधिकाऱ्याची आणि शॅरन स्टोन यांनी संशयित लेखिकेची भूमिका केली. सॅन फ्रान्सिस्कोत चित्रीकरण चालू असतानाच समलिंगी व्यक्तींच्या संघटनांनी निदर्शने केली. आम्हांला खुनी म्हणून रंगवले जात आहे, अशी त्यांची तक्रार होती. तिकडील श्रेणी ठरवणाऱ्या मंडळासाठी एका मिनिटाहूनही कमी लांबीचा भाग कापण्यात आला आणि पुढे घरी पाहण्याच्या व्हिडिओ आवृत्तीत तो परत जोडला गेला. म्हणजे जे चारचौघांत दाखवण्यास अयोग्य ठरले, तेच एकट्याने दार लावून पाहण्यास योग्य ठरले. हा व्यापाराचा हिशेब झाला. नीतीचा हिशेब असा मांडता येतो काय?

अशा चित्रपटांवर वाद झाला की दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, कात्री लावा. दुसरा म्हणतो, प्रौढ माणसाला त्याचे त्याला ठरवू द्या. पहिल्याला प्रेक्षकाच्या शीलाची चिंता असते, दुसऱ्याला प्रेक्षकाच्या स्वातंत्र्याची. दोघांच्याही डोळ्यांपुढे असतो तो प्रेक्षकच. पडद्यावर जी व्यक्ती आहे, तिचे काय झाले, हे दोघेही विचारत नाहीत.

आपल्या कोल्हापूरला या गोष्टीचा अनुभव फार जुना आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली पडद्यावर आला. परस्त्रीवर डोळा ठेवणाऱ्या कीचकाची ती कथा. ब्रिटिश सरकारची कात्री लागली ती कीचकवधाच्या भीषण दृश्याला. मात्र या चित्रपटात काम करणाऱ्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना नटी झाल्याबद्दल त्यांच्या समाजाने दूर लोटले आणि त्यांना स्टुडिओच्या आवारातच राहावे लागले, असे चित्रपटसृष्टीचा इतिहास सांगतो. तिकीट काढून त्यांना पाहणाऱ्यांना कुणी वाळीत टाकले नाही. पाहणारे सुखरूप घरी गेले. जिला पाहिले, तिने किंमत मोजली.

शंभर वर्षांनंतर हीच गोष्ट साता समुद्रापलीकडून ऐकू आली. शॅरन स्टोन यांनी २०२१ मध्ये आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. चौकशीच्या त्या दृश्यात काहीही दिसणार नाही, असे आपल्याला सांगण्यात आले होते आणि प्रत्यक्षात काय दिसते हे तयार चित्रपट पाहतानाच कळले, असे त्या लिहितात. त्यांनी दिग्दर्शकाला थप्पड मारली आणि वकिलाचा सल्ला घेतला. परंतु अखेर, भूमिकेला ते दृश्य साजेसे आहे असे ठरवून, राहू दिले. व्हर्होवेन यांना हे मान्य नाही. तिला सर्व ठाऊक होते, असे त्यांचे म्हणणे आहे. २०२३ मध्ये एका मुलाखतीत स्टोन यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मुलाच्या ताब्याचा खटला चालू असताना न्यायाधीशांनी त्या लहान मुलाला, तुझी आई कसले चित्रपट करते हे तुला माहीत आहे का, असे विचारले आणि मुलाचा ताबा त्यांच्याकडून गेला.

दिग्दर्शक खरे की अभिनेत्री खरी, याचा निवाडा मी करू शकत नाही. मला एवढेच कळते, की ज्या क्षणाबद्दल ती स्त्री म्हणते 'हे मला न सांगता घेतले', नेमका तोच क्षण मी शिवाजी पेठेतल्या माझ्या खोलीत कळ दाबून थांबवून ठेवला होता. मला तेव्हा हे ठाऊक नव्हते, हे खरे. पण जाणून घ्यावेसे वाटले नव्हते, हेही तितकेच खरे.

चित्रपटगृहात चित्र आपल्या गतीने पुढे जाते, शेजारी माणसे बसलेली असतात, आणि त्यांची लाज आपल्याला आवर घालते. घरातल्या यंत्राने हे दोन्ही लगाम काढून घेतले. कथेतून एक क्षण उचलून वेगळा काढता येऊ लागला. तो वेगळा काढला की पात्र उरत नाही, कथा उरत नाही. उरते फक्त शरीर. कात्री लावणारा चित्र तोडतो, तसा कळ दाबणाराही तोडतोच.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी एप्रिल आणि मे १९८१ मधील बुधवारच्या प्रवचनांत नेमका हा विषय घेतला होता. मानवी शरीर हे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला द्यायचे दान आहे. छायाचित्रात किंवा चित्रपटात ते कुणाही अनोळखी माणसापुढे ठेवले गेले की ते दान अनामिक वस्तू बनण्याचा धोका असतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. पण हेच पोप नग्नतेला घाबरणारे नव्हते. सिस्टिन चॅपेलमधील मायकेलँजेलोच्या 'अंतिम न्याय' या भित्तिचित्रातील आकृतींवर सोळाव्या शतकात वस्त्रे रंगवण्यात आली होती. जीर्णोद्धारात नंतरच्या काळातील काही आवरणे काढली गेली आणि ८ एप्रिल १९९४ रोजी पोपमहोदयांनी त्या चित्रांपुढे मिस्सा अर्पण केला. तेव्हा किती कापड आहे, हा खरा प्रश्न नव्हे. पाहणारा समोरच्याला व्यक्ती म्हणून पाहतो की वस्तू म्हणून, हा खरा प्रश्न आहे. पर्वतप्रवचनात प्रभू येशूनेही दोष पाहणाऱ्याच्या अंतःकरणात शोधला. जिच्याकडे पाहिले, तिच्या पदरात टाकला नाही.

कायद्याला येथे मर्यादा आहेत. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये, दूरचित्रवाणीवर 'यू' आणि 'यूए' प्रमाणपत्राचेच चित्रपट दाखवावेत, असा आदेश दिला. मुलांच्या हिताचे ते पाऊल होते. परंतु आज पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे. व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये संपर्कमाध्यमांविषयी जे आदेशपत्र काढले, त्यात निवड करणाऱ्या प्रेक्षकाचे कर्तव्य स्पष्ट सांगितले आहे आणि घरात काय येते यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी आईवडिलांवर टाकली आहे. मी आजवर त्या वाक्याचा अर्थ 'मुलांवर लक्ष ठेवा' एवढाच घेत होतो. आईवडीलही घरातच राहतात, हे विसरलो होतो.

माझा मुलगा आता दोन मुलांचा बाप आहे. स्टोन यांची हकीकत वाचल्यानंतर मी त्याला त्या रात्रीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, त्या दिवशी तुम्ही विचारलेला प्रश्न मी विसरलेलो नाही. पण हे तेव्हाच सांगितलं असतं, तर मला तुमच्याशी बोलता आलं असतं."

घराघरांतील मुलांना आज हाच आधार हवा आहे. त्यांचे फोन आपण जरूर तपासावेत. पण आधी आपण स्वतः काय पाहतो, कुणाच्या जिवावर पाहतो, हे विचारावे, आणि चुकलो असू तर ते मुलांपुढे कबूल करण्याचे धैर्य दाखवावे. प्रायश्चित्त संस्कारात धर्मगुरूंपुढे आपण जे सांगतो, त्याचा थोडासा अंश जेवणाच्या पाटावरही सांगता आला, तर पडद्यावरची अनोळखी स्त्री आपल्याला पुन्हा माणूस म्हणून दिसू लागेल.