रेषेचा कर्ता

नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून १९२८ पासून चलनी नोटा छापून निघत आहेत, आणि नोटांवर एकात एक गुंतलेली जी सूक्ष्म वलये आढळतात, तशी नक्षी मनगटाच्या भरवशावर न सोडता दातेरी चाकांच्या परस्पर प्रमाणांवर चालणाऱ्या यंत्राकडून कोरून घेण्याची जुनी वहिवाट आहे; ते प्रमाण ठाऊक नसलेल्या तोतयाला ती हुबेहूब वठवता येऊ नये, हा त्यातला हेतू. त्याच नोटेवर गव्हर्नरची सही असते, तीही छापलेली. परंतु नोट गव्हर्नरने स्वहस्ते लिहिली नाही, सबब तिच्यावरचे अभिवचन रद्द समजावे, अशी तक्रार घेऊन कोणी खजिन्याच्या दारात उभा राहिल्याचे ऐकिवात नाही.

संगणकाला नियम घालून देऊन लेखणी धरलेल्या यांत्रिक बाहूकडून चित्रे काढवणाऱ्या कलावंतांवर मात्र हा आक्षेप हटकून घेतला जातो, की रेषा यंत्राने ओढली, मग कलावंताने केले काय? या प्रश्नाचा निवाडा सौंदर्यशास्त्रापेक्षा कर्तृत्वमीमांसेच्या दरबारात व्हावा, असे मला वाटते. गीतेच्या अठराव्या अध्यायात अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि दैव अशी कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, आणि ती असताना केवळ आत्म्यालाच कर्ता समजणाऱ्याला तेथे दुर्मती ठरवले आहे. त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे त्या निवृत्तिनाथांच्या शिष्याने, ज्ञानदेवांनी, या पाचांची फोड मोठ्या विस्ताराने केली आहे. कागद हे अधिष्ठान, यंत्र हे करण, बाहूच्या हालचाली या चेष्टा, नियम लिहिणारा तो कर्ता, इतके सहज जुळते. त्याच त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कॅमेरा एका जागी रोखून वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली, तेव्हा रोप वाढवले निसर्गाने आणि चित्र उमटवले यंत्राने. तरी त्या चित्रपटाचे कर्तृत्व फाळक्यांना नाकारण्याचे धाडस कोणी करणार नाही.

राहिले दैव, आणि खरी गोम तेथेच आहे. बुडापेस्टला १९२४ साली जन्मलेल्या आणि पॅरिसला स्थायिक झालेल्या वेरा मोल्नार या चित्रकर्तीने संगणक हाती येण्यापूर्वीच स्वतःला कल्पित यंत्र मानून, स्वतःच केलेल्या नियमांच्या हुकमतीत हाताने चित्रे काढली. पुढे १९६८ पासून तिने प्रत्यक्ष संगणक वापरला आणि चौकोनांच्या शिस्तबद्ध रांगांत शेकडा एक इतकी अव्यवस्था मुद्दाम कालवली. ही अव्यवस्था यंत्र यदृच्छ संख्यांनी घडवते. पण त्या संख्या बहुधा एका आरंभीच्या आकड्यातून गणिताने निपजतात, आणि तोच आकडा पुन्हा दिला तर तोच ‘योगायोग’ रेसभरही न ढळता पुन्हा घडतो. आपल्या शास्त्रकारांनी ज्याला अदृष्ट म्हटले त्याचे इतके चोख प्रात्यक्षिक मला अन्यत्र दिसलेले नाही: कारण पुरते ठरलेले, केवळ पाहणाऱ्याला न दिसणारे.

दैवाचा दुसरा वाटा नियमाबाहेरचा. अमेरिकेतील चित्रकार रोमन व्हेरोस्टको हे १९६८ पर्यंत बेनेडिक्टाइन संन्यासी होते. मठातला दिवस ज्या संहितेने बांधलेला असतो तिच्यात वाढलेल्या या मनुष्याने पुढे आपल्या संगणकालाही संहिता लिहून दिली, आणि १९८७ च्या सुमारास रेखनयंत्राच्या बाहूत लेखणीच्या जागी चिनी कुंचला बसवला. लेखणीची रेषा आरंभापासून अंतापर्यंत एकाच जाडीची. कुंचला मात्र टेकताच फाकतो, शाई सरत आली की त्याचे केस विलग होतात आणि फटकाऱ्याच्या शेपटाशी कोरडे पांढरे ओरखडे उरतात. बाहूने कोठून कोठे जावे हे नियमाने ठरवलेले. ओरखडे कसे पडावेत हे नियमात कोठेच नाही.

हात काढून घेतला म्हणजे अहंकारही गेला, असे समर्थन कोणी केले तर ते मला मान्य नाही. हाताने काढणारा निदान हाताच्या कंपाने नमतो. नियम लिहिणारा सृष्टिकर्त्याच्या गादीवर जाऊन बसतो, आणि तेथला ताठा अधिक भयंकर. त्यावर उतारा एकच दिसतो, आणि तो अगदी हिशेबनिसाच्या कामासारखा नीरस आहे: यंत्राने काढलेल्या चित्रांच्या ढिगातला एकेक कागद उजेडात धरणे, बहुतेक फाडणे, आणि जो ठेवला त्याच्या गुणदोषांचे उत्तर द्यावयाला स्वतः हजर राहणे. ते उत्तर यंत्रावर ढकलणाऱ्याने चित्राखाली आपले नावही घालू नये.