उसने ओरखडे

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्लंडला भाच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. पहिल्याच रविवारी त्याने फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू आणून माझ्यापुढे टेबलावर ठेवली. फडके सोडले आणि मी दचकून खुर्ची मागे सरकवली. ती बंदूक होती. "मामा, घाबरू नका. खोटी आहे," तो हसत म्हणाला. मीही हसलो. पण बंदूक खोटी असली, तरी माझ्या छातीतली धडधड खरी होती. त्या धडधडीने जो प्रश्न उभा केला, तो बेळगावला परत आल्यावरही सुटेना. म्हणून वाचकांपुढे मांडतो आहे.

हा छंद आपल्याकडे फारसा परिचित नाही. त्याला 'एअरसॉफ्ट' म्हणतात. १९७० च्या दशकात जपानमध्ये तो सुरू झाला. तिथे सामान्य माणसाला खरे पिस्तूल बाळगता येत नाही, म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या, पण हवेच्या दाबाने सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी उडवणाऱ्या प्रतिकृती निघाल्या. डोळ्यांवर जाड चष्मे चढवून मंडळी रानात लुटुपुटीची लढाई खेळतात. भाच्याची प्रतिकृती होती दुसऱ्या महायुद्धातल्या थॉम्सन सबमशीनगनची. सैनिक तिला 'टॉमीगन' म्हणत.

दुकानातून आणली तेव्हा ती खेळण्यासारखी चकचकीत होती. त्याने प्लॅस्टिकचा दस्ता काढून अक्रोडाच्या लाकडाचा बसवला, त्याला जवसाच्या तेलाचे हात दिले. धातूवरचा रंग खरवडून नवा निळसर काळा रंग चढवला आणि कडा घासून आतला धातू उघडा पाडला. मग साखळी आपटून दस्त्यावर खोचा पाडल्या, सांधीकोपऱ्यांत तपकिरी रंग भरून गंज आणला. सहा महिन्यांत त्याने तिला ऐंशी वर्षांची केली. कारागिरी अस्सल होती, त्यात वाद नाही.

"पण हे सगळे कशासाठी रे?" मी विचारले.

"पणजोबांसाठी," तो म्हणाला. "ते मराठा पलटणीतून इटलीत लढले ना? तुम्ही त्यांना पाहिलंय. सांगा मला, त्यांच्या बंदुकीवर कुठे कुठे ओरखडे असतील?"

इथे मी अडलो. त्याचे पणजोबा म्हणजे माझे आजोबा. लढाईबद्दल ते कधी बोलत नसत. आम्ही मुलांनी फारच छळले, तर इटलीतला चिखल आणि थंडी एवढ्यावर विषय मिटवत. मात्र त्यांची एक सवय डोळ्यांपुढे आहे. रोज रात्री जेवणानंतर ते आपली छत्री, बॅटरी आणि दाढीचा वस्तरा फडक्याने पुसून जागच्या जागी ठेवीत. छत्रीच्या तारेला गंजाचा ठिपका दिसला तरी त्यांना झोप लागत नसे. ही सवय कुठून आली, हे मला त्या टेबलापाशी उमगले. सैनिकाच्या हत्याराला गंज चढणे ही लाजेची गोष्ट असते. त्याबद्दल शिक्षा होते. हाताच्या घर्षणाने दस्ता गुळगुळीत होईल, पट्ट्याच्या कडीपाशी रंग उडेल, इतकेच. भाच्याने चढवलेला गंज सैनिकाच्या बंदुकीचा नव्हताच. तो संग्रहालयातल्या, कुणी हात न लावलेल्या बंदुकीचा होता. आजोबांचे स्मरण करायला निघालेला मुलगा नकळत जुनेपणाच्याच प्रेमात पडला होता.

टॉमीगन म्हटले की आपल्या रेजिमेंटच्या इतिहासातले एक पान आठवलेच पाहिजे. १० जुलै १९४४. इटलीतले तायबर नदीचे वरचे खोरे. माणगाव तालुक्यातला बावीस वर्षांचा नाईक यशवंत घाडगे एका तुकडीचे नेतृत्व करीत होता. मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या बरोबरचे जवळजवळ सगळे पडले. तो एकटा त्या ठाण्यावर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकला, मग टॉमीगनने एकाला टिपले. गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारले. तिथेच शत्रूच्या गोळीने तोही पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्या बंदुकीच्या दस्त्यावर खोचा पडल्याच असतील. पण त्या साखळीने पाडता येतील का? त्या खोचांची किंमत चार जिवांनी मोजली, त्यातला एक आपला होता. सहा महिन्यांच्या रविवारी त्या उसन्या आणायच्या, हे मला पटेना.

भाचा वादात कच्चा नाही. तो म्हणाला, "मामा, तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं चंदेरी कागद लावलेल्या तलवारी घेऊन, काजळाच्या मिशा काढून मावळे होतात. ते खोटं नाही? दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो, त्यावर मातीचे मावळे नि तोफा मांडतो, ते?"

प्रश्न बिनतोड होता. दोन दिवस मी त्यावर विचार केला. मला दिसलेला फरक असा. मातीचा मावळा आपण मातीचा आहोत, हे लपवत नाही. चंदेरी कागदाच्या तलवारीला रंगमंचाची चौकट असते. ती नक्कल आपले नकलीपण कबूल करते, म्हणून तिच्यात निरागसपणा टिकतो. भाच्याच्या बंदुकीत मात्र सारी मेहनत ही कबुली पुसण्यासाठी झाली होती.

ही कबुली किती मोलाची असते, हे कायदे करणाऱ्यांनाही अनुभवाने कळले. जपानने १९७१ मध्ये धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग सक्तीचा केला. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीच्या टोकाला भडक नारिंगी खूण आली. ब्रिटनने २००६ मध्ये हुबेहूब नकली बंदुकांच्या विक्रीवर बंदी घातली. खेळाडू, नाटक-सिनेमावाले, संग्रहालये अशांनाच सूट ठेवली. आणि खूण नसली की काय होते? २२ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात टामिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्टचे पिस्तूल घेऊन खेळत होता. त्याच्यावरची नारिंगी खूण निघून गेलेली होती. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. पिस्तूल खोटे होते, गोळी खरी निघाली. गोळी झाडणाऱ्याचा दोष त्या पुसलेल्या खुणेने कमी होत नाही. पण बोटभर रंगाची ती खूण तिथे असती तर, हा विचार बारा-तेरा वर्षांच्या मुलांत रोज वावरणाऱ्या माझ्यासारख्याला झोपू देत नाही.

याचा अर्थ, प्रतिकृती करूच नये असे मी म्हणत नाही. वस्तू हाताळल्याशिवाय इतिहास अंगाला लागत नाही, हे मी वर्गात नेहमी सांगतो. खरी थॉम्सन रिकामी असतानाच पावणेपाच किलोंच्या आसपास भरते. हे वजन खांद्यावर घेऊन चिखलात चालणे काय असेल, हे भाच्याला माझ्यापेक्षा जास्त कळले आहे. त्याच्या मनातला आदरही खरा आहे. माझे म्हणणे एवढेच, की आदर दाखवताना दुसऱ्याच्या जखमा आपल्या अंगावर काढून घेऊ नयेत. पूर्वजांचे आपल्याकडे जे येते, ते सहसा ओरखड्यांच्या रूपाने येत नाही. रोज रात्री फडक्याने पुसण्याच्या सवयीच्या रूपाने येते.

निघताना मी हे सारे त्याला बोललो. त्याने ऐकून घेतले, उत्तर दिले नाही. गणपतीत त्याचा फोन आला. "मामा, गंज पुसून काढला. तेल लावलं. खोचा मात्र जात नाहीत."

"राहू देत," मी म्हटले. "त्या तुझ्या साखळीच्या आहेत. दस्त्याच्या तळाशी तुझं नाव आणि साल कोरून ठेव, म्हणजे पुढच्या पिढीची फसगत व्हायची नाही."

"साल कुठलं? चव्वेचाळीस?"

"नाही रे. तू केलीस ते."